पावणेपाच म्हणजे किती?

"दादा, माझे अठरा गेस्ट हरवलेत," मी सर्पोद्यानापाशी उभ्या असलेल्या गार्डला म्हणाले.

"एकदम अठरा? लहान मुलं का?"

"नाही हो. सगळे साठीच्या पुढचे."

मीच कुठल्या तरी पिंजऱ्यातून सुटून आले असावे, असं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

आज मी टूर मॅनेजर आहे. म्हणजे ग्रुपबरोबर जाते आणि हॉटेलच्या किल्ल्यांपासून गुडघ्याच्या गोळ्यांपर्यंत सगळं बघते. ही गोष्ट मी शिकत होते तेव्हाची. डिप्लोमाचं शेवटचं प्रॅक्टिकल होतं. खरे गेस्ट, खरी बस, एका दिवसाची पुणे ट्रिप आणि लीडर मी एकटी. परीक्षक आमच्या कांबळे मॅडम. त्यांचं उभं आयुष्य टूर नेण्यात गेलेलं. "आज मी बसमध्ये नाहीच असं समज," त्यांनी सकाळीच बजावलं. "काय ते संध्याकाळी बोलू."

वर्गातल्या एकालाच मॅडम केरळ टूरवर असिस्टंट म्हणून नेणार होत्या. मला ती जागा हवीच होती. बाबांचं म्हणणं एकच, "फिरायला पगार कोण देतं गं?" ही टूर मिळाली नाही तर मुकाट्यानं बँकेच्या परीक्षांचा क्लास लावायचा, असं घरी ठरलं होतं. वारज्यात आमच्या बिल्डिंगच्या खालीच तो क्लास. येता-जाता त्याचा बोर्ड दिसला की मी दुसरीकडे बघायचे.

तयारी मात्र मी जय्यत केली होती. फ्रेंचच्या दोन लेव्हल झालेल्या. एअरपोर्टचे कोड, म्हणजे बॅगेच्या टॅगवर छापतात ती तीन अक्षरं, तोंडपाठ. कसबा पेठेत आदल्या आठवड्यात तीनदा चालून आले होते. कुठल्या बोळात स्वच्छ बाथरूम मिळेल तेही विचारून ठेवलं होतं. त्यामुळे सकाळ झकास गेली. तांब्याची भांडी ठोकणारे कारागीर बघण्यात सगळे रमले. गेस्टमध्ये केळकर काका म्हणून गणिताचे रिटायर्ड शिक्षक होते. ते चक्क "ठीक आहे" म्हणाले. पुण्यात याच्या वर कौतुक नसतं.

जेवणं उरकून कात्रजला प्राणिसंग्रहालयात आलो. बसचे ड्रायव्हर शिंदे मामा म्हणाले, "ताई, गाडी लांब लावतो. पावणेपाचला गेटवर आणतो. समदी तयार ऱ्हावा, तिथं लई वेळ थांबता येत न्हाई."

मी सगळ्यांना गोळा केलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "पावणेपाचला गेटवर! प्लीज, शार्प पावणेपाच!"

मग हेडकाउंट घेतला. हेडकाउंट म्हणजे डोकी मोजणं. अठरा भरले. सगळे आपापल्या चालीनं आत पांगले.

पावणेपाचला मी कॅन्टीनमध्ये निवांत चहा पीत रिपोर्ट लिहीत होते. पाचला म्हटलं, चला, रेंगाळलेल्यांना हळूहळू गेटकडे वळवावं. सर्पोद्यानात कोणी नाही. वाघापाशी कोणी नाही. झाडाखालच्या बाकांवर तर सगळे अनोळखी. फोन नंबरांची फाइल माझ्या सीटवर राहिलेली. एखादा गेस्ट चुकतो, ते समजू शकतं. पण अख्खा ग्रुप? केरळ गेलंच, पण कोणाला काही झालं असलं तर? मग तो गार्ड दिसला.

त्यानं अनाउन्समेंटसाठी वॉकीटॉकी उचलला आणि माझा फोन वाजला. कांबळे मॅडम.

"कुठे आहेस?"

"मॅडम, गेस्ट सापडत नाहीयेत. एकसुद्धा नाही!"

"गेस्ट केव्हाचे बसमध्ये बसलेत. तू सापडत नाहीयेस."

मी तिथेच बाकावर मटकन बसले. अठराच्या अठरा! धडधाकट! इतका जीव भांड्यात पडला की आपण नापास झालोय हेही मिनिटभर सुचलं नाही. गार्डला "सापडले, सापडले" म्हणत मी पळत सुटले.

बसमध्ये चढले तर केळकर काका घड्याळ बघत होते. "या. शार्प यायचं होतं ना?"

"काका, अजून पाच पंधरा कुठे झालेत?"

"पाच पंधराचा इथे काय संबंध?" मॅडम दिवसभरात बसमध्ये पहिल्यांदा बोलल्या.

एक आजी दिसत नव्हत्या, त्यांना शोधत होते, असं ठोकून द्यावं असं वाटलं. पण सगळ्या आज्या समोरच बसल्या होत्या.

"मॅडम, पाव किलो म्हणजे क्वार्टर ना? मला वाटलं, पावणेपाच म्हणजे पाचाच्या वर एक क्वार्टर."

अख्खी बस खो-खो हसायला लागली. शिंदे मामांनी तर स्टिअरिंगवर डोकं टेकलं. काका तेवढे हसले नाहीत. ते उठून माझ्या शेजारी येऊन बसले.

"वरचं ते सव्वा, खालचं ते पावणे. म्हण." स्वारगेट येईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. "पावणेआठ?"

"सात पंचेचाळीस."

"अडीच?"

"टू थर्टी."

"मराठीत!"

"अडीच."

"बरोबर."

सगळे उतरल्यावर मॅडमनी फॉर्म काढला. "तू सांगितलेली वेळ बरोबर होती. ती फक्त तुलाच माहीत नव्हती. असा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला."

"म्हणजे मी नापास?"

"एकही गेस्ट चुकला नाही. नापास कशाबद्दल करू?" त्यांनी सही केली. "केरळात बस पहाटे पावणेसहाला निघते. जमेल?"

"पाच पंचेचाळीस, मॅडम!"

"तिकीट काढते तुझं."

त्या संध्याकाळी क्लासच्या बोर्डाखालून मी शीळ घालत घरी गेले.

आता माझे स्वतःचे ग्रुप असतात. हेडकाउंटमध्ये मी आधी स्वतःला मोजते. आणि रात्रीच्या जेवणानंतर उद्याची वेळ दोनदा सांगते, "पावणेसहा, म्हणजे पाच पंचेचाळीस." ग्रुपमधलं कोणीतरी हमखास फणकारतं, "अहो, कळतं आम्हाला!"

"तुम्हाला नाही हो," मी म्हणते. "मी मलाच सांगतेय."