माझी चोरीला गेलेली चाल

आमच्या भागात अजून निदान पाच गावं अशी आहेत, जिथं त्या वर्षीचं सगळ्यात गाजलेलं सिनेमाचं गाणं माझं आहे असं लोक देवावर हात ठेवून सांगतील. एवढं मोठं गाणं, देशभर वाजलेलं, आणि त्याचा कर्ता प्रवरेच्या काठी आठवीला भूमिती शिकवतो! सांगताना त्यांची छाती फुगते. ऐकताना मी चपला शोधायला लागतो.

काय वर्ष होतं ते! चैत्रात दक्षिणेकडचं एक गाणं आलं. त्यातला एक शब्द कुणाला कळत नव्हता, पण नाच सगळ्यांना कळला होता. मग गावाकडच्या मराठीतलं रॅप आलं. रॅप म्हणजे आमच्याकडची बांधावरची भांडणं, फक्त तालात. त्यानंतर कॉम्प्युटरनं चमत्कार केला. कधीच वारलेले गायक कालची गाणी गायला लागले. आमच्या शेजारचे आजोबा ते ऐकून म्हणाले, "मेल्यावर बी सुट्टी न्हाई का रं?" गाणी आखूड होत चालली होती. मुखडा झाला की संपलं. अंतरा कुणी ऐकत नव्हतं, बहुधा कुणी बांधतही नव्हतं. दर पंधरवड्याला नवं गाणं, की मागचं शिळं. मला स्वस्थ बसणं जमेना. वर्गात त्रिकोण काढतानाही खडू फळ्यावर ठेका धरायचा.

या सगळ्याशी माझा संबंध काय, तर मी गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. दहा वर्षांचा असताना भजन चालवणाऱ्या बुवांनी मला पेटीवर बसवलं. बुवा आता पंचाहत्तरीच्या पुढं. आमच्या मंडळाचा एक जुना रिवाज आहे. ज्यानं स्वतःची एक तरी चाल बांधली असेल, तोच पुढं बसणार आणि भजन चालवणार. बुवांनी तरुणपणी एक चाल बांधली आणि तिच्या जोरावर ते सगळं आयुष्य पुढं बसले. मी त्यांच्या डाव्या हाताला. पन्नाशी आली तरी मला स्वतःची एक ओळ सुचली नव्हती. बुवांना दम लागायचा. आपल्यामागं पुढं कोण बसणार, ही एकच काळजी त्यांना उरली होती, आणि ती करताना ते नेमके माझ्याकडं बघायचे.

श्रावणात मी श्रीरामपूरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत होतो. शेजारच्या माणसाच्या मोबाईलवर वीसेक सेकंद कुणीतरी नुसतं गुणगुणलं. येणाऱ्या कुठल्यातरी सिनेमाची जाहिरात असावी. चार सूर पायऱ्या चढल्यासारखे वर जातात, मध्येच उचकी लागावी तशी एक खोच, आणि मग घसरगुंडी. त्यानं बोट फिरवलं, दुसरंच काही लागलं. पण माझ्या कानात कुसळ रुतलं ते रुतलंच. संध्याकाळी देवळात पेटी उघडली आणि बोटांनी आपणहून तेच वाजवलं.

बुवा मृदंगाला कणीक लावत होते. त्यांचा हात थांबला.

"ही कुठली रं?"

आता मला "ऐकली कुठंतरी" असंच म्हणायचं होतं. खरं सांगतो, तोंड उघडेपर्यंत तोच विचार होता. पण बुवांचा चेहरा असा काही उजळला होता, की मी मान खाली घातली, पेटीवरची नसलेली धूळ विनयानं पुसली आणि म्हणालो, "सुचली अशीच."

बुवांनी कणकेचे दोन्ही हात माझ्या गालांना लावले. "पांडुरंगा! सुटलो बाबा मी."

आठ दिवसांत त्यांनी त्या चालीवर अभंग बसवला. एरवी भजनाकडं न फिरकणारी चार तरणी पोरं दुसऱ्या आठवड्यात येऊन बसली. गणपतीपर्यंत अकरा झाली. बुवांनी ती चाल शेजारच्या पाच गावांत नेली आणि प्रत्येक ठिकाणी आधी सांगितलं, "ही चाल आमच्या मास्तरची." मग जाहीर करून टाकलं, की दत्तजयंतीच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी, पुढची जागा मास्तरची.

दिवाळीला सिनेमा आला.

बायको लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. "अहो संगीतकार, तुमची चाल टीव्हीवर लागलीय."

"माझी नाही ती."

"ते मला माहितीय. बुवांना माहितीय का?"

"सांगतो."

"कधी?"

"संधी बघून."

"काल्याच्या आधी बघा म्हणजे झालं."

बुवांकडं मोबाईल नव्हता, टीव्ही नव्हता, पण कान मांजराचे होते. आणि बाहेर तर प्रलय झाला होता. तेच गाणं रिंगटोनला, सलूनमध्ये, पिठाच्या गिरणीत. मंडळातल्या पोरांनी चाल ओळखली होती, पण बुवांना सांगायची कुणाची छाती नव्हती. त्यातून उसाचा हंगाम. फॅक्टरीकडं जाणारे ट्रॅक्टर मागं दोन ट्रॉल्या आणि वर भोंग्याएवढे स्पीकर लावून बरोबर देवळासमोरून जायचे. मी शाळेतला एक जुना फळा आणून रस्त्याला उभा केला: 'मंदिर परिसर. गाणी बंद ठेवा.' ग्रामसभेत माझं अभिनंदन झालं. ड्रायव्हर लोकांचे मी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. त्यातला एक बीडकडचा. तो म्हणाला, "मास्तर, ह्या गाण्याबिगर गाडी चढच चढत न्हाई. तुमी ढकलता का?" मी खरंच दोनदा ट्रॉलीला हात लावला.

कोल्हारला एका लग्नात वाजंत्री तेच गाणं सुरू करायच्या बेतात होते. मी बुवांचा दंड धरून त्यांना मंडपाबाहेर काढलं.

"कुठं नेतोस?"

"नाश्ता करू."

"आरं, आत्ता तर जेवलो की! जिलबी तूच वाढलीस."

महिनाभर मी असा गावभर पळत होतो. वजन चार किलो उतरलं. शिक्षकांच्या खोलीत सगळे विचारायचे, साखर तर नाही ना झाली?

सप्ताहाचा पाचवा दिवस, दुपारचं भजन. मंडप भरलेला. बुवांनी आपली चाल सोडून माझी धरली, आणि मागच्या रांगेत बसलेली पाहुण्या गावची पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. एकजण न राहवून ओरडला, "बुवा, वन्स मोअर! हिरोईन कुठाय?"

बुवांनी टाळ थांबवले. "तुला ही चाल कशी म्हाईत?"

"सगळ्या जगाला माहितीय बुवा. सिनेमातली हाय."

"ऐकव."

मोबाईल हातोहात पुढं आला. बुवांनी तो स्वतः माईकला लावला. चारशे माणसांनी ते गाणं डोळे खाली घालून, कीर्तन ऐकावं तसं ऐकलं. मी पेटीच्या भात्यात शिरता येतं का ते बघत होतो. गाणं संपलं. बुवांनी मोबाईल खाली ठेवला. आता सगळ्यांसमोर ते मला विचारणार. मी तयार झालो.

"चोरली!" बुवा गरजले. "माझ्या मास्तरची चाल चोरली भामट्यांनी! आमी श्रावणापासून म्हणतोय ही. हाय का न्हाई रं?"

"हाय!" अख्खा मंडप उठला.

पुढचा अर्धा तास मी कधी विसरणार नाही. सरपंच म्हणाले, मेहुणा नगरला वकील आहे. दुसरा म्हणाला, आमदारांना निवेदन देऊ. तिसऱ्यानं रास्ता रोकोची जागाही ठरवली. ज्या पोरानं हिरोईन विचारली होती, तो येऊन माझ्या पाया पडला. मी "अहो, ऐका तर" म्हणालो, तेवढ्यात कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

सकाळी मी बुवांच्या घरी गेलो. ते ओट्यावर शाळेची वही आणि शाईचा पॅड घेऊन बसले होते. श्रावणात चाल ऐकलेल्या लोकांची यादी करत होते. चौदा सह्या आणि नऊ अंगठे झाले होते.

"बरं झालं आलास. तारीख कंची घालायची रं?"

मी सांगितलं. स्टँड, मोबाईल, वीस सेकंद, सगळं.

बुवांनी पेनाला टोपण लावलं. पॅड मिटला. शाई लागलेला अंगठा धोतराला पुसला.

"मग ती पोरं मला हसत हुती," ते म्हणाले.

"सुरुवातीला."

"आन् मी मोबाईल माईकला लावला." वही मिटून म्हणाले, "काल्याला सांगायचं. तिथंच. त्याच माईकवर."

मी सांगितलं. देवा शप्पथ सांगितलं, एक शब्द न गाळता. काल्याचं कीर्तन झालं, मी उभा राहिलो आणि म्हणालो, की चाल माझी नाही, मी बुवांशी खोटं बोललो. मग मागून सरपंच उठले.

"दबाव आलाय मास्तरवर!"

"मुंबईवरून फोन आला आसंल!"

"नोकरीची धमकी दिली का वो मास्तर? भिऊ नका, आमी हाय!"

मी दोन्ही हात वर करून ओरडत होतो आणि लोक टाळ्या वाजवत होते. बायकोनं काल्याचा द्रोण माझ्या हातात दिला. "खा. तुम्ही बोललात एवढं बास. गाव ऐकत नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

ऐकलं ते एकट्या बुवांनी. त्या दिवशी ते पुढं बसले नाहीत, मलाही बसवलं नाही. पुढची सतरंजी मोकळी ठेवून ते माझ्या उजव्या हाताला सरकले आणि तिथूनच भजन चालवलं. तेव्हापासून ती जागा मोकळीच आहे. नवीन माणूस चुकून तिथं टेकला, तर बुवा नुसते खाकरतात.

अकरातली सहा पोरं टिकली. त्यांच्यातल्या एकाला बरोबर नेऊन बुवांनी मोबाईल घेतला. आयुष्यातला पहिला. फोन करायला नव्हे. त्याच्यासमोर गुणगुणलं की गाणं कुठलं आहे ते तो शोधून देतो, एवढ्याच कामाला. दर गुरुवारी संध्याकाळी मी नवी चाल घेऊन जातो. ते मोबाईल माझ्या तोंडासमोर धरतात, इन्स्पेक्टरसारखे.

पहिली चाल त्यानं चार सेकंदांत पकडली. जुना सिनेमा. दुसरी कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात निघाली. तिसरी आमच्याच शाळेची प्रार्थना होती, ती तर मोबाईलच्या आधी बुवांनीच पकडली. मी वैतागलोय. झोपेत बोटं हलतात. सुचलेली प्रत्येक ओळ आधी कुणाच्यातरी घरात राहून आलेली असते.

मागच्या गुरुवारी मी गुणगुणलो. पडद्यावरचं चाक फिरत राहिलं. फिरत राहिलं. मग खाली अक्षरं आली: काही सापडलं नाही.

बुवांनी डोळे बारीक करून पडदा वाचला, पुन्हा वाचला. मोबाईल हातात उंच धरून ते दारापर्यंत जाऊन आले.

"रेंज नसंल," ते म्हणाले. "परत म्हन."