शुई-मूकाकांचा चौथा दिवा

जिआन शुई-मू यांनी चार महिन्यांत मोटारसायकलचा दिवा तीनदा बदलला आणि तिन्ही वेळा शिव्या दिव्यालाच घातल्या.

आधी त्यांनी जास्त वॉटचा बल्ब टाकला, तर जुन्या गाडीची वायर वितळली. मग पांढराशुभ्र एलईडी घेतला. डोंगरातल्या म्हाताऱ्यांना पांढरं म्हणजे जोरदार, असंच वाटतं. धुक्यात तो झोत चुन्याच्या भिंतीसारखा तोंडावर परत आला. तिसरा त्याहून मोठा, पांढराच. भिंत आणखी जाड झाली, एवढंच.

आणि धुकं चुकवता येत नव्हतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार बायकोला, पाओ-छिनला, डायलिसिससाठी खाली चियायी शहरात न्यायचं. सकाळी जाताना रस्ता लख्ख असायचा. दुपारी परतताना दरीतून धुकं वर चढायचं आणि सुपारीच्या झाडांपासून वरची चौदा वळणं गिळून टाकायचं. रुग्णांची सरकारी व्हॅन होती ना! पण ती सुपारीच्या झाडांच्या वर येत नाही, म्हणे रस्ता अरुंद आहे. हाच रस्ता दर वादळानंतर फावड्याने मोकळा करण्यात शुई-मूंची एकतीस वर्षं गेली. तेव्हा साहेबांच्या गाड्या बरोब्बर वर येत होत्या.

त्या बुधवारी ते पायथ्याच्या गॅरेजवर गेले, पाओ-छिनला घेऊन. गॅरेज लिआओ शू-झेनचं, बापामागे तिने चालवलेलं.

"आता काय, काका? सूर्य बसवू का पुढे?"

"तोंड आवर पोरी. पिवळा दे. चहामळेवाले सगळे पिवळाच लावतात."

"हे तुम्हाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा म्हणालात, पिवळा म्हातारा दिसतो."

"मग? गाडीवर दोन म्हातारे आधीच आहेत," पाओ-छिन म्हणाली. शू-झेन हसली. काका हसले नाहीत.

पिवळा दिवा बसला. आता झोत जुळवायचा. शू-झेनने शटर ओढून अंधार केला आणि मागच्या भिंतीवर काळ्या टेपची आडवी पट्टी चिकटवली. झोताची वरची कड पट्टीच्या जरा खाली हवी, नाहीतर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. मागे माणूस बसलं की गाडीचं शेपूट दबतं आणि झोत वर जातो, म्हणून दोघांना गाडीवर बसवलं.

"सांगा काका, कड कुठे येते?"

"बोटभर वर आहे," मागून पाओ-छिन पुटपुटली.

"बोटभर वर आहे," काका म्हणाले.

शू-झेनने स्क्रू फिरवला. "आता?"

"आता खाली गेली," मागून. "आता खाली गेली," पुढून.

शू-झेनचा हात थांबला. सकाळी हे दोघं उतरताना तिने कितीदा पाहिलं होतं. काकू मागून अखंड बडबडत असायची. डावीकडे त्सेंगच्या बांबूला कोंब आलेत बघा, पुढे कुत्रं झोपलंय मेलं, उजवीकडचा कठडा अजून वाकडाच. लोक म्हणायचे, काय जोडी आहे, अजून गप्पा संपत नाहीत.

"काकू, आता तुम्ही गप्प."

ती भिंतीपाशी गेली आणि तिने पट्टी हळूच सोलून मुठीत घेतली. भिंत कोरी झाली.

"काका, पट्टी कुठे आहे?"

"आहे की समोर. कड बरोबर तिच्याखाली बसलीय."

पाओ-छिनने मागून त्यांच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

"कधीपासून?" शू-झेनने विचारलं. राग तिला आवरेना.

"मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं थोडं," काका म्हणाले. "खालचा डॉक्टर वसंतातच म्हणाला, डोळ्याचा पडदा गेलाय, परत यायचा नाही. मी म्हटलं, डॉक्टरला काय कळतं, दिवा मंद असेल."

"आणि परतताना? काकू तर झोपलेली असते!"

तेही खरं होतं. यंत्रावरून उतरल्यावर पाओ-छिनच्या अंगात काही उरत नसे. मुलं ज्या झोळीच्या पट्ट्याने पाठीला बांधली, त्याच पट्ट्याने काका तिला आपल्या पाठीशी बांधून घेत आणि धुक्यात शिरत. मागून एक शब्द येत नसे.

"परतताना माझे पाय रस्ता ओळखतात," ते म्हणाले.

"पाय! मी हा दिवा काढते. किल्ली द्या इकडे."

"काढू नकोस." आवाज खाली आला. "मला दिसावं म्हणून नको मागत मी. वरून चहाचा ट्रक येतो, त्याला आम्ही दिसलो पाहिजे. तेवढं होईल ना याने?"

शू-झेनने किल्लीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. उद्या गुरुवार. व्हॅनला तिने स्वतः दोनदा फोन केला होता, उत्तर तेच. तिचं गॅरेज एकटीचं, आणि नेलं तरी किती दिवस नेणार?

"शनिवारचं बंद करू," पाओ-छिन म्हणाली, भाजी नको म्हणावी तशी. "दोनदा पुरे. तेवढीच धुक्याची एक दुपार कमी."

"काकू, दोनदा पुरत नाही. मराल तुम्ही."

"माहीत आहे गं."

काकांनी मान वळवली नाही. तिचा हात खांद्यावरून त्यांनी आपल्या हातात घेतला आणि नकोही म्हटलं नाही. शू-झेन खाली बसली आणि कड ट्रकवाल्याच्या डोळ्यांना लागेल इतकी वर करत गेली. असं करायचं नसतं.