काकूच्या कांद्याचं बी

आमच्या काकांना सगळे वस्तरा म्हणायचे, आणि तेही तोंडावर. त्यांना राग यायचा नाही, उलट मान जरा ताठ व्हायची. त्यांच्या शेतात पिकाच्या दोन ओळींमधल्या मातीवर ताट ठेवून जेवायला बसावं, इतकी ती स्वच्छ. गवताचं पातं दिसलं की त्यांचे हात शिवशिवायला लागायचे, मग ते पातं स्वतःच्या शेतातलं असो की दुसऱ्याच्या. कुणाकडे भेटायला गेले तर चहा येईपर्यंत त्यांच्या दारातलं तण उपटून मोकळे. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा ते असेच मुलाकडच्यांच्या अंगणात उकिडवे बसले, आणि मुलाच्या आईनं जिवापाड जपलेलं कसलंतरी रोप गवत समजून उपटून आले. लग्न झालं, पण ते रोप सासूबाई मला अजून ऐकवतात. सासरहून दोन शेतं ओलांडली की काकांचं घर, त्यामुळे त्यांना आठवण यायला निमित्तही लागत नाही.

अशा माणसाच्या पदरी काकू पडली. पसारा करणारी, मोठ्यानं हसणारी, वस्तू कुठं ठेवली ते कधीच न आठवणारी. त्या एवढ्या शेतात तिच्या मालकीच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या. एक तिचा कांदा आणि दुसरा ओढ्याकडचा बांध.

कांद्याचं बी तिनं माहेराहून आणलं होतं. चपटा, फिकट गुलाबी कांदा, कापताना डोळ्यांतून टिपूस न काढणारा. "रडवायला नवरा आहे की," काकू म्हणायची, "कांद्यानं कशाला कष्ट घ्यायचे?" काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण जेवताना दुसरा कांदा त्यांना चालायचा नाही. एके काळी शेजारपाजारचे सगळे तिच्याकडून बी न्यायचे. मग दुकानातली पाकिटं आली आणि एकेकानं हा कांदा सोडला. शेवटी तो काकूकडेच उरला.

कांद्याच्या बियाची एक खोड असते, ते फार काळ वाट बघत नाही. एक वर्ष टिकतं, दुसऱ्या वर्षी त्यात फारसा राम राहत नाही. म्हणून दरवर्षी काही निवडक कांदे परत जमिनीत लावायचे, त्यांना दांडे येऊ द्यायचे, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलू द्यायचे, आणि गोंड्यांतलं काळं बी पुढच्या वर्षासाठी राखायचं. एक वर्ष चुकलं की वंश बुडाला. तणाचं मात्र उलट. ते बी मातीत वर्षानुवर्षं निजून राहतं आणि कुणीतरी माती हलवायची वाट बघतं. नको असलेल्याला आयुष्य भरपूर, ही तक्रार काका जन्मभर करत आले.

आणि बांध. बाकीचे तिन्ही बांध काकांनी तासून गुळगुळीत ठेवलेले, आणि ओढ्याकडे हे काकूचं रान. एका दांड्यावर एकच पिवळं बटण मिरवणारी एकदांडी, पाथरी, घोळ, रानतुळस, नाव नसलेलं आणखी काय काय. वर्षाचा कुठलाही महिना घ्या, तिथं काहीतरी फुललेलं असायचंच. काकू तिथनं ओंजळभर पाला खुडून आणायची आणि भाजी करायची. "हे तुझं जंगल एक दिवस मी साफ करणार आहे," काका म्हणायचे. "करा की," ती म्हणायची, "मी मेल्यावर." हे भांडण इतकी वर्षं चाललं होतं की त्यातला राग केव्हाच झिजून गेला होता. काकांनी त्या बांधाला हात लावला नाही.

गेल्या थंडीत बियाण्याचे कांदे लावून झाले आणि काकू आजारी पडली. पोटात दुखतंय म्हणाली, दवाखान्यात नेली, आणि कांद्याला पात फुटायच्या आत गेली.

काका रडले नाहीत. मला त्याची फार भीती वाटली. ते घरात बसेनात, अंगणात बसेनात. भेटायला माणसं येणार म्हणून मी चुलीपाशी होते, तर हे पाठीवर पंप बांधून निघालेले. पाठ काही वर्षांपासून वाकायला तयार नव्हती, त्यामुळे खुरप्याच्या जागी तणनाशक आलं होतं.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

"ओढ्याकडच्या बांधावर."

"काका, राहू द्या हो. काकूचा होता तो बांध."

"म्हणूनच," ते म्हणाले. "लोक येतील, बघतील. म्हणतील, बाई गेली आणि शेताची रया गेली. तिच्या नावानं कुणी बोट दाखवायला नको."

त्या माणसाला दुःख करायची दुसरी कुठली तऱ्हाच येत नव्हती. त्यांनी बांध एकदा फवारला, काही दिवसांनी हिरवं डोकावताना दिसलं तिथं परत फवारला. बांध पिवळा पडला, मग तपकिरी. माणसं आली, बसली, जाताना म्हणाली, शेत अगदी चकचकीत ठेवलंय हो. काकांनी मान हलवली.

मग ऊन तापायला लागलं आणि कांदा फुलला. कमरेएवढे दांडे, वर पांढरे गोंडे, बघत राहावं असा. एका सकाळी काका माझ्या दारात आले. मी शिलाई मशीनवर होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं.

"चल जरा माझ्याबरोबर," ते म्हणाले. "माझे डोळे गेलेत की खरंच कुणी येत नाही, ते बघ."

डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता हे खरं. पण माझे डोळे चांगले होते, आणि मलाही काही दिसलं नाही. दरवर्षी या दिवसांत कांद्याच्या वाफ्यात उभं राहिलं की नुसती गुणगुण. माश्या, मधमाश्या, गांधीलमाशीसारखं पट्टेरी काहीबाही. या वर्षी गोंडे वाऱ्यानं हलत होते, तेवढाच काय तो आवाज. एक मुंगी एका गोंड्यावर चढताना दिसली, तर काका तिच्याकडे पाहुणी आल्यासारखे बघत राहिले.

त्यांनी मधपेट्यावाल्याला गाठलं. पलीकडच्या फळबागांतून पेट्या ठेवत फिरणारा हा गृहस्थ. तो आला, बांधावर उभा राहिला, पायानं वाळलेलं गवत उलटंपालटं केलं.

"पेट्या सगळ्या बागांना दिल्यात," तो म्हणाला. "आणि असत्या तरी इथं ठेवल्या नसत्या. खाणार काय माश्या?"

"हा एवढा कांदा फुललाय की."

"कांदा त्यांना फारसा आवडत नाही, दादा. शेजारी राहत असल्या तर जाता-येता तोंड लावतात. त्या राहत होत्या या बांधावर. कांदा फुलणार दोन-तीन आठवडे. बाकीचं वर्ष त्यांना जगवत कोण होतं?"

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग बांधाकडे. हे त्यांना ठाऊक नव्हतं, काकूलाही नव्हतं. ती पाल्यासाठी बांध राखायची, आणि थोडा नवऱ्याला चिडवायला. मला त्या क्षणी मधपेट्यावाल्याचा राग आला. त्यानं काही चुकीचं सांगितलं नव्हतं, तरी आला.

"मग मीच करतो," काका म्हणाले.

त्यांनी काकूच्या जुन्या मऊ सुती कापडाचा तुकडा आणला आणि मी त्याची हाताला चढेल अशी पिशवी शिवून दिली. ती घालून ते प्रत्येक गोंड्यावरून हात फिरवायचे, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. मधमाशीचं काम माणसानं करायचं म्हणजे काय, ते मी बघितलं. एका गोंड्यात शेकड्यांनी फुलं, रोज थोडी थोडी उमलणारी, म्हणजे आज केलेलं काम उद्या परत. खुरप्यावर आयुष्य गेलेला तो हात, त्याला हलकं लागणं माहीतच नव्हतं. जोरात घासलं की फुलं गळायची. मग ते थांबायचे आणि पुटपुटायचे, "हळू, हळू." हे मला म्हणत नव्हते. काकू त्यांना असं म्हणायची, कप ठेवताना, दार लावताना.

निम्मी फुलं तर त्यांनी सुरुवात करायच्या आधीच सुकून गेली होती. संध्याकाळी ते बांधाला पाणी घालायचे. वस्तरा तणाला पाणी घालतोय, ही बातमी पसरायला कितीसा वेळ? बैल गेला आणि झोपा केला, असं एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. मी त्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. बांधावर उगवलं ते काय, तर हराळी आणि लव्हाळा, ज्यांना विषही पुरत नाही. एकदांडी आली नाही. पाथरी आली नाही. फूल म्हणावं असं काही आलं नाही.

गोंडे वाळले, काढले, चोळले, सुपात पाखडले. काळं बी बऱ्यापैकी दिसलं, आणि मला वेडीला आनंद झाला. काकांनी पातेल्यात पाणी घेतलं आणि बी त्यात सोडलं. भरलेलं बी तळाला जातं, पोकळ वर तरंगतं. जवळजवळ सगळं तरंगलं. सगळं काळं पाण्यावर पसरलं, आणि काका बोटानं ते बाजूला सारून तळ बघत राहिले. तळाशी होतं ते तळहाताच्या खळग्यात मावलं.

"एवढं पुरे," ते म्हणाले. "तिनंसुद्धा मूठभरच आणलं होतं."

ही मूठ कुठे होती? मी ते बी फडक्यावर वाळत घातलं.

पेरायची वेळ आली तेव्हा त्यांचा स्वतःच्या शेतावरचा विश्वास उडालेला होता. इतकी वर्षं फवारलेल्या मातीत हे बी टाकायला त्यांचा जीव धजेना. घरामागे काकूचा परसातला तुकडा होता, भांडी घासल्याचं पाणी जायचं तिथला. त्याला औषधाचा थेंब कधी लागला नव्हता. तिथं त्यांनी वाफा केला, माती चाळून घेतली आणि बी टाकलं. झारीनं पाणी घातलं, रोज, अगदी वेळेवर. पाणी बी बघून पडत नाही. काकूच्या त्या मातीत इतकी वर्षं निजलेलं सगळं जागं झालं. आठवडा उलटता उलटता वाफा हिरवागार, बोटभर उंचीचं बारीक पातं, दाट.

त्यात कांदा होता की नाही, हा प्रश्न होता. कांद्याचं रोप जन्मताना गवतासारखंच दिसतं. एक नाजूक हिरवा दोरा, सुरुवातीला शेंड्यावर बियाची काळी टोपी असते, पण टोप्या असल्याच तर त्या गळून गेल्या होत्या. ज्या डोळ्यांना हा फरक उभ्या उभ्या कळायचा ते आता धुरकट झालेले, आणि माझे डोळे कापडातला दोष ओळखणारे. मला तो सगळा वाफा एकजात गवत दिसत होता.

"थांबू या थोडं," मी म्हणाले. "मोठं झालं की कळेल."

"तोवर गवत त्याला जगू देईल का?" काका म्हणाले. "कांद्यासारखं भित्रं पीक नाही. डोक्यावर सावली आली की मान टाकतं."

"मग काढा गवत."

"आणि काढताना तोच निघाला तर?"

ते वाफ्याशी उकिडवे बसले. जन्मभर गवताच्या पात्यासमोर क्षणभर न थांबलेले ते दोन हात मांडीखाली दाबून बसले. मी माझ्या सासरच्या अंगणातल्या त्या रोपाची गोष्ट सांगून त्यांना हसवायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत. ते अगदी हळू म्हणाले, "एक खूण आहे. चुरगळलं की वास येतो."

पण वास घ्यायचा तर पातं तोडायला हवं. त्यांनी खूप वेळ एकेका पात्यावर बोट ठेवलं आणि उचललं. शेवटी कडेचं, अगदी फिकं, बाजूला पडल्यासारखं एक निवडलं आणि नखानं खुडलं. चिमटीत चुरगळलं. नाकाशी नेलं.

त्यांचा चेहरा बघून मला वाटलं गवत निघालं. मग त्यांनी चिमूट माझ्याकडे केली. कांद्याचा वास होता. बारीकसा, ओला, पण कांद्याचाच. काकूच्या स्वयंपाकघराचा.

"होता," काका म्हणाले. "होता गं. आणि मी खुडला."

एवढं बोलून त्यांना जे रडू फुटलं त्यात काकूच्या वेळचं सगळं एकदमच बाहेर पडलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग मीही रडायला लागले. थोड्या वेळानं मी वाफ्याकडे हात नेला, निदान दोन पाती बघावीत, उरलेलं काही असेल तर त्याच्याभोवतीचं तरी गवत हलवावं म्हणून. त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको," ते म्हणाले. "कशालाच हात लावू नकोस."

त्यांनी डोळे पुसले, झारी उचलली आणि त्या सगळ्या वाफ्याला पाणी घातलं, गवतालाही.