साबणाच्या वासाचं करडू

आमच्या घरामागं राहणाऱ्या आत्तीच्या मते जगात दोनच प्रकारच्या गोष्टी आहेत: शेळी खाते त्या आणि शेळी खात नाही त्या. ती माझी सख्खी आत्या नव्हे. कागलजवळच्या आमच्या गावात तिला सगळेच आत्ती म्हणतात. लग्नाला गेली की तिचं लक्ष नवरानवरीपेक्षा मांडवाला बांधलेल्या आंब्याच्या डहाळ्यांवर. अक्षता पडल्या की डहाळ्या तिच्या पिशवीत. एकदा नवऱ्याच्या मामानं हटकलं, तर म्हणाली, "पावणं, तुमचं जेवण झालं न्हवं? आता आमच्या घरच्यांचं बघू द्या की." माझी पुस्तकंही तिनं एकदा उलटीसुलटी करून पाहिली आणि कागद फार गुळगुळीत म्हणून नापास केली.

गेल्या सुट्टीत तिची शेळी विताना अडली. करडाचा एक पाय मागं दुमडला होता. आत्तीनं कोपरापर्यंत तेल लावलं, शेळीशी बोलत बोलत पाय सरळ केला आणि भर दुपारी करडू ओढून काढलं. शेळी पार गळून गेली होती. तिला गूळपाणी पाजायला वळताना आत्ती मला म्हणाली, फडक्यानं पूस आणि तिच्या तोंडापुढं ठेव. मी सायन्सची, घरातली कॉलेजला गेलेली पहिलीच. मला ते फडकं अस्वच्छ वाटलं. मी करडाला कोमट पाण्यानं, वासाच्या साबणानं चांगलं न्हाऊ घातलं.

शेळीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. पुन्हा नेलं तर ढुशी दिली. आईनं जवळ घेतलं नाही, चीक पोटात गेला नाही, तर करडू जगणार नाही, हे मलाही कळत होतं. आत्ती आता काय काय बोलेल म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. तिनं करडाचं डोकं नाकाशी धरलं. "तिला वाटतंय, हे पावण्याचं पोर हाय," एवढंच म्हणाली. मग साबण पुसून काढला, शेळीखालचा ओला पेंढा आणि वर थोडं मीठ त्याच्या अंगाला चोळलं, आणि शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. करडाला सडाशी धरायचं काम माझ्याकडं. शेळी लाथ मारायची, आणि आत्ती समजूत शेळीचीच काढायची. उन्हं उतरता उतरता शेळीनं मान वळवली, मीठ चाटलं, आणि मग चाटतच राहिली.

तेवढ्यात आई रानातून आली. करडू पिताना बघून हरखली आणि शेजारणींना सांगू लागली, पोरगी शिकली की असा उपयोग होतो बघा. मी बोलायला तोंड उघडलं. आत्तीनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"व्हय की," ती म्हणाली, "ही हुती म्हणून निभावलं."

आता हॉस्टेलवर आईचा फोन येतो, करडू कसं उड्या मारतं ते ती सांगते. आईला खरं सांगायचं अजून राहिलंय. आत्तीला काय सांगावं, ते तर मला अजून नीट सुचतही नाही.