तीन चाकांपुरता रॅम्प

मला बागेत माझ्या मुलीला झोका द्यायचा होता. बस्, एवढंच. यात कोणाच्या बापाचं काही जाणार होतं का?

पोलिओनं माझे पाय लहानपणीच गेले. हातानं चालवायच्या तीनचाकीवर फिरतो, तहसीलीसमोर झेरॉक्सचं दुकान चालवतो. आमच्या गावची बाग रस्त्यापासून चार पायऱ्या वर. वरून फाटक असं नागमोडी, की गाईढोरं शिरू नयेत. तीनचाकीही शिरत नसे, म्हणजे सरकारच्या लेखी मी ढोरांतच जमा. बायको आत झोका द्यायची आणि मी रस्त्यावरून वा-वा म्हणायचो. पोरगी सहा वर्षांची झाली आणि हट्टालाच पेटली, झोका बाबानंच द्यायचा.

मी अर्ज केले. लोकांचे अर्ज लिहिणं हाच माझा जोडधंदा, मी सोडतो का? शेवटी फाटक निघालं, रॅम्प झाला, साहेबांनी रिबीन कापली. शेजारी भलामोठा फलक लागला: 'फक्त दिव्यांगांसाठी. इतरांनी यावरून चालू नये.' त्या दिवशी गर्दीमुळे मला रॅम्पपर्यंत पोचताच आलं नाही. म्हटलं, जाऊ द्या.

नंतर एका दुपारी पोरीला घेऊन गेलो, तर खालपासून वरपर्यंत रॅम्पभर मोहफुलं वाळत घातलेली! बागेमागं राहणारी एक म्हातारी झाडू घेऊन राखणीला बसली होती. मी म्हटलं, बाई, हे माझ्यासाठी बांधलंय.

"म्हणून तं टाकलं ना भाऊ," ती म्हणाली. "पाटी लागल्यापासून इथी कोनी पाय ठेवत नाई. गावात इतकी साफ जागा दुसरी कुठी आहे?"

आता बोला. ओला मोह सडतो, तुम्ही काय उद्याही याल, असं तिनं मला समजावलं. शिवाय माझ्यापायी फाटक काढलं म्हणून बकऱ्या आत शिरतात, तेव्हा बसलोच आहे तर जरा हाकलाव्या, असंही सुचवलं. आणि मी हाकलल्या! चांगले चार दिवस. माझी बायको कुरखेड्याकडची, मोह वेचत वाढलेली. मजुरी म्हणून ओंजळभर तरी आणायचा होता, असं म्हणत ती पोट धरून हसली.

पाचव्या दिवशी पोरगी वर झोक्यावर जाऊन बसली आणि हालेचना. उतरेहीना. मागं पोरांची रांग लागली, त्यांच्या आया कुरकुरू लागल्या. ही आपली दोरी घट्ट धरून माझ्याकडे बघत बसलेली. माझं डोकंच फिरलं. पुढचं चाक मोहाला लावलं आणि म्हातारीला सांगितलं, आज तुडवून जाणार. ती आडवी उभी राहिली.

मग तिनं वर पाहिलं. "ते पोरगी हालून काऊन नाई राह्यली?"

"माझी आहे," मी म्हटलं. "बाबानंच झोका द्याचा म्हणते."

म्हातारीनं वाकून माझ्या चाकांकडे पाहिलं, आणि झाडूनं मोहातून बरोबर तीन पट्टे काढले. एक मधला, दोन बाजूचे. फूलभर जास्त नाही.

"इतकं पुरते ना?"

पुरलं. खांदे भरून आले, पण चढलो. झोक्यामागं गेलो तर पोरीची पाठ बरोबर माझ्या हातांसमोर. ढकललं. माझे डोळे भरून आले.

"आई याच्यापेक्षा जोरात देते," पोरगी म्हणाली.

मी ब्रेक ओढला, दोन्ही हात मोकळे केले आणि दिला ठेवून. पोरगी किंचाळली. रांगेतल्या बाया माझ्यावरच तुटून पडल्या: अक्कल आहे का, पाडता का लेकराले? एरवी याच बाया माझ्याशी हळू आवाजात, कीव करत बोलायच्या. आज कोणाच्याच आवाजात कीव नव्हती. मी पुढचा झोका आणखी जोरात दिला.