कोरं रबर

आउने कुइत्तिनेनबद्दल कोणीतरी नीट लिहायला हवं होतं. कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितोय. चुकलंमाकलं तर मंडळातले लोक सांगतीलच.

ती लिएक्सा गावाच्या पलीकडच्या वस्त्यांवर टपालाची गाडी चालवायची. जाड हाडाची, मोजकं बोलणारी बाई. लग्न केलं नाही. एएली नावाच्या म्हाताऱ्या बापाबरोबर तळ्याकाठी राहायची. एएलीने लढाईतून एका रशियन टेहळ्याची रायफल आणली होती. नळीच्या तोंडावर सायलेन्सर, म्हणजे एक जाडसर नळकांडं. आत रबराच्या दोन चकत्या. गोळी त्यांना भोसकून बाहेर पडते आणि आवाज बराचसा आतच राहतो. एएलीने ती कधी झाडली नाही. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, फळ्यांखाली ठेवली आणि परवाना काढायचा राहून गेला. आमच्या भागात तो पुष्कळांचा राहून गेलाय.

ही गोष्ट योएन्सू शहरात रेइनो साल्लिनेनच्या कानावर गेली. जुनी हत्यारं जमवणाऱ्यांच्या आमच्या मंडळाचा तो अध्यक्ष. आउने टपाल वाटायला गेलेली असताना तो एएलीकडे आला आणि सौनाच्या पायरीवर बसला.

"एएली, बिनपरवान्याची रायफल, वर सायलेन्सर. हे मारेकऱ्याचं हत्यार झालं बाबा. या वयात तुरुंगात जायचंय का? पोरीची नोकरी जाईल ती वेगळीच."

"मग काय करू?"

"तू काहीच करू नकोस. मी नेतो आणि तळ्यात बुडवतो. कोणी विचारलं तर तू काही पाहिलेलं नाहीस."

आउने परतल्यावर एएलीने तिला सगळं सांगितलं. रायफल गेली, भीती घरातच राहिली. रस्त्याला अनोळखी गाडी दिसली की एएली जळणाच्या ढिगामागे जाऊन उभा राहायचा. लढाईत न डगमगलेला माणूस! शेवटी दवाखान्यात एका नोकराचा पोलिसांसारखा निळा सदरा पाहून त्याने आउनेचं मनगट घट्ट धरलं. "आले गं," म्हणाला. त्यानंतर तो कोणाशी बोलला नाही.

तो गेल्यावर काही वर्षांनी आउने बूट घ्यायला योएन्सूला आली आणि वाचनालयात डोकावली. तिथे आमचं प्रदर्शन होतं. काचेमागे तीच रायफल, दस्त्यावर सौनाच्या शेगडीने पडलेला तोच जळका डाग. शेजारी रेइनो चारचौघांना ऐकवत होता.

"काकाच्या गोठ्यात सापडली. सरळ पोलिसांत घेऊन गेलो. आपण होऊन नेऊन दिली की कायद्यात शिक्षाच नाही, उलट परवाना मागता येतो. मला तर त्यांनी कॉफी पाजली!"

"शिक्षा नाही?" आउनेने विचारलं.

"अजिबात नाही, बाई. लोकांना नियमच माहीत नसतात."

बूट न घेताच ती घरी गेली. नंतर तिनेच मला सांगितलं, त्या दिवशी गाडी चालवताना तिला एकच शब्द ऐकू येत होता: कॉफी.

पुढच्या वर्षी ती आमच्या मंडळात आली. आडनावावरून कोणाला शंका आली नाही. आमच्याकडे दगड उचलला की खाली कुइत्तिनेन निघतो. संग्राहकाची मान्यता मिळवायची तर काय जमवायचं आणि का, हे पोलिसांना पटवावं लागतं, पोलादी कपाट दाखवावं लागतं. तिने सांगितलं, लढाईतल्या बिनआवाजी बंदुका. अधिकाऱ्याने विचारलं, "कोणाशी वैर वगैरे?"

"माझं कोणाशी बोलणंच नसतं," ती म्हणाली. अधिकारी हसला. शिफारस रेइनोनेच केली होती. इतकी मन लावून ऐकणारी बाई त्याला कुठे मिळणार?

संग्रहातली हत्यारं आम्ही उन्हाळ्यात एकदा मैदानावर चालवून पाहतो. त्या दिवशी गोळी झाडायला मोकळीक आहे हे दाखवणारा झेंडा माझ्याकडे असतो. रेइनो त्याची रायफल आणायचा, पण झाडायचा नाही. नव्या सभासदाच्या हाती ती फक्त नेम धरायला द्यायची, असा त्याचा रिवाज. त्याने सायलेन्सरच्या तोंडात विजेरीचा झोत टाकला.

"बघ, आउने. कोरं रबर. रायफली पैशाला पासरी मिळतील. पण एकदाही न भोसकलेलं रबर या देशात दुसरीकडे दाखव!"

"धरू?"

"धर की. घाबरतेस काय?"

त्याने मागचा बोल्ट उघडा, म्हणजे आत काडतूस नाही हे दिसेल असा, ठेवून रायफल तिच्या हातात दिली. ती लक्ष्याकडे तोंड करून उभी राहिली, खिशातून काडतूस काढलं, आत सारलं, बोल्ट मिटला आणि चाप ओढला. सौनाच्या तापल्या दगडांवर पळीभर पाणी पडावं, तेवढाच आवाज झाला. मला वाटलं, कोणीतरी शिंकलं.

"वेडी झालीस का!" रेइनोने रायफल हिसकावली. पुन्हा विजेरी लावली. मधोमध भोक.

"चालतो म्हणायचा सायलेन्सर," आउने म्हणाली. "एएली कुइत्तिनेन आठवतो?"

"कोण एएली?"

"ज्याच्या सौनाच्या पायरीवर बसला होतास. मी त्याची पोर, जिची नोकरी जाणार होती."

रेइनोचा चेहरा ओल्या राखेसारखा झाला. हळू आवाजात म्हणाला, "मी ती वाचवली, बाई. तुझ्या बापाने गंजवून टाकली असती."

"रबर वाचवलंस. बाप कुजवलास माझा."

पुढच्या बैठकीत तिला काढून टाकायचा ठराव रेइनोने आणला. विल्हो म्हणून आमच्यात एक निवृत्त वनरक्षक आहे. त्याने विचारलं, "नियम कोणता मोडला? झेंडा वर होता, तिला मान्यता आहे, रायफल तू स्वतः हातात दिलीस."

"विश्वास मोडला तिने!"

"बरं. रेइनो, त्या काकाचं नाव काय?"

"कुठल्या काकाचं?"

"ज्याच्या गोठ्यात रायफल सापडली."

रेइनोने ठरावाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. आमच्याकडे एवढं उत्तर पुरतं. ठरावाच्या बाजूने एकही हात वर गेला नाही, त्याचा स्वतःचासुद्धा.

अध्यक्षपद त्याने सोडलं, मंडळ मात्र सोडवेना. आयुष्यभराचे सोबती इथलेच. त्याला वाटलं असावं, जिंकल्यावर आउने यायची थांबेल. ती एकही बैठक चुकवत नाही. बरोबर त्याच्या समोर बसते. त्याने जागा बदलली की तीही उठून बदलते. राईच्या पिठाचे, भात भरलेले पिराक्का भाजून आणते आणि ताट पहिल्यांदा त्याच्यापुढे धरते. भरल्या टेबलावर नाही म्हणायची आमच्यात रीत नाही.

एकदा बाहेर पडताना मी तिला म्हटलं, "आउने, आता पुरे कर. म्हातारा झालाय तो."

"बाबाही म्हाताराच होता," ती म्हणाली.

परवाच्या बैठकीत तिने ताट पुढे केलं. "घे, रेइनो. लोणी जास्त लावलंय." त्याने एक उचलला. पहिला घास गिळेपर्यंत ती ताट हातात धरून तशीच उभी होती.