गुडघ्यांसाठी घेतलेली दुसरी गोळी

आई गेली तेव्हा तिला बाजेला खिळून सहा वर्षं झाली होती. देवगाव रंगारीला तिनं जन्मभर मेंढरांमागं पायपीट केली आणि साठीनंतर गुडघ्यांनी तिला अंगणातही जाऊ दिलं नाही. सांभाळायला भावजय होती. मी शहरात शिक्षिका. रविवारी एसटीनं जायची, तिचे पाय चोळायची, चारच्या गाडीनं परत. "आजून जराशी बस की," ती म्हणायची. मी क्वचितच बसले.

आता मीही निवृत्त आहे. नवरा जाऊन चार वर्षं झाली, मुलगी परदेशात. शहरातल्या हर्सूल भागातल्या दुमजली घरात मी एकटी. गेल्या वर्षी कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं आणि रोज एक गोळी सुरू झाली. त्याच सुमारास जिना चढताना उजवा गुडघा कुरकुरू लागला. शाळेतली जुनी मैत्रीण फोनवर म्हणाली, "अगं, त्याच गोळीनं सांध्यांची झीजही थांबते म्हणे!"

तेव्हापासून मी ती गोळी नवसासारखी घेऊ लागले. तरी दुखणं वाढतच गेलं. मग एके दिवशी एकीच्या दोन केल्या. पंधरा दिवसांत मांड्या अशा भरून आल्या की कठडा धरल्याशिवाय पायरी चढवेना. घाबरून डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि खरं ते सांगितलं.

"कुणाला विचारून घेतल्या?"

"कुणालाच नाही."

"घरी कोण असतं?"

"मीच."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ही गोळी हृदयासाठी आहे. गुडघ्यांना फायदा होतो का, याचे अभ्यास झालेत, पण खात्रीनं कुणी सांगू शकत नाही. जास्त घेतली तर स्नायू मात्र दुखतात."

"मला आईसारखं पडून राहायचं नाहीये," मी म्हणाले आणि रडू फुटलं. कितीतरी दिवसांनी कुणाशी तरी एवढं बोलले होते.

रक्ततपासणी झाली, काही दिवस गोळी बंद राहिली, मग पुन्हा एकच सुरू झाली. सोबत मांड्यांचे व्यायाम. मांड्या सुधारल्या. गुडघा कमी दुखतो, पण दुखतो.

दिवाळीनंतर दोन हमाल बोलावून वरच्या खोलीतला माझा पलंग खाली आणवला. एकानं विचारलं, "वर आता कोण राहनार, मावशी?"

मी त्यांचे पैसे चुकते केले. ते गेल्यावर वर जाऊन खिडक्या लावल्या आणि खोलीला कुलूप घातलं.